इफ्तारची वेळ कोण ठरवतं?

आमच्या घरी फ्रिजच्या दारावर रमजानचं टाइमटेबल लावलेलं आहे. तुमच्याकडेही असेल. वर मस्जिदीचं चित्र, खाली मोबाइलच्या दुकानाची जाहिरात, कोपऱ्यात एखाद्या नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो आणि मधे तीस ओळी : तारीख, वार, रोजा कितवा, सेहरी कधी संपणार, इफ्तार कधी. वर्षानुवर्षं आपण या कार्डाकडे बघत खजूर हातात धरून बसतो. मिनिटाला मिनिट पाळतो. पण या मिनिटांचा हिशेब कोणी केला, हा प्रश्न माझ्या घरात पहिल्यांदा विचारला तो माझ्या भाचीनं, तोही यंदा.

भाची बारावी सायन्सला आहे. शिक्षणासाठी आमच्याकडे परभणीला, म्हणजे तिच्या नानीकडे राहते. नागपूरच्या मैत्रिणीनं व्हॉट्सअपवर तिकडच्या कार्डाचा फोटो पाठवला, मुंबईच्या मामेभावानं तिकडचा. ही तिन्ही कार्डं समोर ठेवून बसली आणि म्हणाली, "मामू, एकाच राज्यात नागपूरवाले मुंबईच्या आधी पंचवीस मिनिटं रोजा सोडतात. हे बरोबर आहे का?"

बरोबर आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त. सहा चोक चोवीस. आपलं घड्याळ देशभर एक, पण सूर्य प्रत्येक गावाला आपल्या वेळेनं मावळतो. परभणी या दोघांच्या मधे, म्हणून आमची वेळही मधली. इतकं सांगितलं तर पोरगी गप्प बसायला हवी होती. ती सेहरीच्या रकान्याकडे वळली. एकाच गावातल्या दोन कार्डांत सेहरीची वेळ दहा-बारा मिनिटांनी वेगळी का? तर पहाटेचा पहिला उजेड क्षितिजावर कधी पसरतो, हे सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर आहे यावरून काढतात. कोणी अठरा अंश धरतो, कोणी पंधरा. त्यावर कोणी एहतियात म्हणून दोन-तीन मिनिटं आणखी कापतो. आणि इफ्तारच्या वेळी आपल्याला क्षितिजाला टेकलेला जो लाल गोळा दिसतो, तो हिशेबानं बघितलं तर तोवर क्षितिजाच्या खाली गेलेला असतो. हवेच्या थरांतून येताना उजेड वाकतो, सुमारे अर्धा अंश, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढा. त्यामुळे तो आपल्याला उचलल्यासारखा वर दिसतो. कार्ड बनवणाऱ्याला ही वाकही धरावी लागते.

"म्हणजे हे कार्ड फिजिक्स आहे," भाची म्हणाली. आणि लगेच पुढचं : "मला हेच करायचंय."

घरात शांतता पसरली ती इथे.

*

शांततेचं कारण सांगायला हवं. भाचीचे अब्बा, म्हणजे माझे दुलाभाई, वसमतला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतात. शेतकऱ्यांचे जळालेले पंप त्यांच्याकडे येतात. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता त्यांचे डोळे गेले, पण मुलीला त्यांनी बारावीपर्यंत आणलं. त्यांना हवं आहे मेडिकल. ते नाही झालं तर फार्मसी. फिजिक्स म्हटल्यावर त्यांचा सवाल सरळ होता : "उसमें नौकरी क्या है?" आपा काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. आपल्याकडच्या किती घरांत हा प्रश्न याच शब्दांत विचारला जातो, ते मी शाळेत शिकवत असल्यामुळे चांगलं जाणतो. प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मात्र बहुतेक वेळा कोणाला माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्याला आपण 'काही नाही' असं समजतो.

मी दुलाभाईंना सातशे वर्षांपूर्वीच्या एका नोकरीची गोष्ट सांगितली. नोकरी मस्जिदीतली होती.

दमास्कस शहरात उमय्या मस्जिद आहे, जगातल्या फार जुन्या आणि मोठ्या मस्जिदींपैकी एक. तिथे इमाम, मुअज्जिन यांच्यासारखंच आणखी एक पद असे : मुवक्कित. वक्त पाहणारा. त्याचं काम नमाजच्या वेळा काढायचं, किब्ल्याची दिशा काढायची, महिन्याचा चंद्र कधी दिसू शकेल याचा अंदाज बांधायचा. हे काम गणिताशिवाय होत नाही, म्हणून मुवक्कित हा त्या काळचा पगारी खगोलशास्त्रज्ञच. चौदाव्या शतकात या जागेवर इब्न अल-शातिर नावाचे गृहस्थ होते. लहानपणी वडील वारले. आजोबांनी सांभाळलं. हस्तिदंताच्या जडावाचं काम शिकले. कारागीर घरातला पोर. (इथे दुलाभाईंनी मान वर केली.) हा माणूस पुढे आकाशाचा हिशेब करणाऱ्यांत आपल्या काळातला अव्वल ठरला. १३७१ मध्ये त्यांनी मस्जिदीच्या मिनारासाठी संगमरवरी सूर्यघड्याळ बनवलं.

त्यांचं मोठं काम चंद्राचं. ग्रीक पंडित टॉलेमी याचं चंद्राच्या चालीचं जे गणित हजार वर्षांहून जास्त काळ प्रमाण मानलं जात होतं, त्याप्रमाणे चंद्र महिन्यात कधी कधी पृथ्वीच्या इतका जवळ यायला हवा की तो दुप्पट मोठा दिसावा. तसा तो कोणाला कधी दिसला नाही. इब्न अल-शातिर यांनी ते गणित बदलून डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळवलं. पुढे सोळाव्या शतकात पोलंडच्या कोपर्निकसनं सूर्याला मध्यभागी ठेवणारा ग्रंथ लिहिला, त्यातलं चंद्राचं गणित आणि दमास्कसच्या मुवक्कितचं गणित एकच आहे. हे साम्य विसाव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आलं. कोपर्निकसनं ते इकडून घेतलं का? थेट पुरावा मिळालेला नाही, आणि तो मिळेपर्यंत छाती फुगवायचं कारण नाही. आपल्याकडे 'सगळे शोध आमच्याच ग्रंथात' म्हणण्याची हौस सर्वधर्मीय आहे. त्यापेक्षा हे बघावं की एक मस्जिद शास्त्रज्ञाला पगार देत होती, आणि तो शास्त्रज्ञ जुन्या पंडितांचं लिहिलेलं नजरेला पटत नाही म्हणून बदलू धजत होता.

हवेत उजेड वाकतो म्हणालो, त्याचा अभ्यास करणारे इब्न अल-हैसम त्यांच्याही तीनशे वर्षं आधीचे. जन्म बसऱ्याचा, उरलं आयुष्य कैरोचं. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर मोठमोठे लोक मानत. त्यांनी प्रयोगांनी दाखवलं की उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो. अंधाऱ्या खोलीच्या भोकातून पडणाऱ्या उलट्या चित्राचा त्यांनी अभ्यास केला, आजच्या कॅमेऱ्याचं मूळ तिथे आहे. क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो, याचंही उत्तर त्यांनी दिलं : तो मोठा नसतो, आपल्या मनाला तसा भासतो. त्यांच्या 'किताब अल-मनाजिर'ला हजार वर्षं झाली म्हणून युनेस्कोनं २०१५ च्या प्रकाशवर्षात त्यांची आठवण जगभर काढली होती.

*

आता चंद्रावर आलोच आहोत, तर यंदाच्या चंद्राबद्दल. दर वर्षी चाँदच्या रात्री फोनाफोनी होते, 'तुमच्याकडे दिसला का?' कधी आखातात एक दिवस आधी रोजे सुरू होतात आणि मग इकडे तरुण मुलं विचारतात, चंद्र काय दोन आहेत का? चंद्र एकच. अमावास्या ते अमावास्या सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, २९.५३. म्हणून महिना कधी एकोणतीसचा, कधी तीसचा. अमावास्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो, दिसणं शक्य नाही. यंदा तो क्षण डोळ्यांना दाखवता येण्यासारखा होता, कारण १७ फेब्रुवारीला अंटार्क्टिकावर कंकणाकृती सूर्यग्रहण झालं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तासाभरानं आपला सूर्य मावळला. तासाभराचा चंद्र कोण बघणार? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की चंद्र सूर्यापासून आकाशात साधारण सात अंश दूर सरकेपर्यंत त्याची कोर उमटतच नाही. चंद्र तासाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे चौदा-पंधरा तास तरी हवेत. १८ तारखेच्या संध्याकाळी चंद्र पंचवीस तासांचा झाला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा.

हिशेबानं दिवस ठरवावा की डोळ्यांनी पाहूनच, हा उलेमांचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. इतकंच म्हणतो की दिसणं अशक्य असलेल्या संध्याकाळी 'दिसला' म्हणणारा साक्षीदार आला, तर त्याला चार प्रश्न विचारायला हे गणित हिलाल कमिटीच्या कामाचं आहे. चंद्र कधी दिसेल याची कोष्टकं बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांच्या काळापासून, नवव्या शतकापासून बनत आली आहेत. हेच ते, ज्यांच्या नावावरून कॉम्प्युटरवाल्यांचा 'अल्गोरिदम' आला.

आणखी एक. येत्या ३ मार्चला खग्रास चंद्रग्रहण आहे. खग्रास भाग आपल्याकडे चंद्र उगवण्याआधीच उरकेल, पण ग्रहण सुटायला ६ वाजून ४७ मिनिटं होतील. नागपुरात सूर्य त्या दिवशी ६.२०च्या आसपास मावळतो. म्हणजे विदर्भातले रोजेदार खजूर तोंडात टाकतील तेव्हा पूर्वेला कुरतडलेला चंद्र वर येत असेल. मुंबईत मात्र तो क्षितिजावर येईपर्यंत ग्रहण जवळजवळ सुटलेलं असेल. गच्चीवर जा, बघा, उघड्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं. गरोदर सुनेला खोलीत कोंडू नका. पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं होतं आणि लोक म्हणू लागले, या दुःखानं सूर्य काळवंडला. पोटचं पोर गेलेलं असतानाही त्यांनी लोकांना समजावलं की सूर्य-चंद्राला ग्रहण कोणाच्या मरण्या-जगण्यानं लागत नाही. हे आपल्याला ठाऊक असूनही आपल्याच मोहल्ल्यात त्या दिवशी चाकू-सुरी लपवतात.

*

मला या विषयाची एवढी आच का, ते सांगतो. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. तेहतीस वर्षांपूर्वी, १९९३ मध्येही रोजे असेच फेब्रुवारीअखेर सुरू झाले होते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय फिजिक्स. एक दिवस रोज्यानं सुकलेल्या तोंडानं कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर उभा राहिलो. मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेचं पत्रक लावलेलं होतं. निवड झाली तर शिकता शिकता दरमहा पैसे मिळणार होते. आनंदानं वाचत खाली आलो. अर्जाची मुदत आदल्या महिन्यातच संपली होती. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "आपल्या कॉलेजातून कोण जातंय तिकडं? म्हणून घाई केली नाही." मी बी.एड. केलं. शाळेत लागलो. चांगलं चाललं, तक्रार नाही. पण ते पत्रक माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही, आणि भाचीचा अर्ज माझ्या डोळ्यांदेखत मुदतीबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं मी या रमजानमध्ये ठरवलंय.

म्हणून दुलाभाईंना, आणि त्यांच्या जागी बसलेल्या प्रत्येक बापाला, 'नौकरी क्या है' याचं मला जमेल तेवढं उत्तर देतो.

बारावीनंतर आयसर नावाच्या केंद्र सरकारच्या सात संस्था आहेत, त्यातली एक पुण्यात. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, प्रवेश त्यांच्याच आयएटी परीक्षेतून. फॉर्म साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघतात, म्हणजे आत्ताच. दुसरी नेस्ट परीक्षा. तिच्यातून भुवनेश्वरची नायझर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातलं सीईबीएस हे केंद्र मिळतं. या दोन्हींसाठी नीटसारखी लाखोंची गर्दी नसते, आणि नसण्याचं एक कारण हेच की आपल्या तालुक्यांत त्यांची नावंच पोचलेली नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये चांगला नंबर आला तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश खात्याची स्वतःची संस्था आहे. यातलं काहीच नाही झालं तरी बिघडत नाही. जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्स नीट मन लावून करावं आणि मग आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम द्यावी. मराठी शाळेत शिकून या वाटेनं गेलेली मुलं आहेत. इंग्रजीची भीती पहिल्या वर्षभरात जाते, गणिताची भीती असेल तर मात्र आधी तिचा बंदोबस्त करा.

पुढे पीएच.डी. इथे आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'अजून पाच वर्षं फी कुठून भरायची?' अहो, इथे पैसे भरायचे नसतात, मिळतात. नेट-जेआरएफसारखी फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था आपली वेगळी प्रवेश परीक्षा घेतात, देशातल्या बऱ्याच संस्थांसाठी जेस्ट ही परीक्षा आहे. पदवीच्या मुलांना सुट्टीत बोलावून काम शिकवणाऱ्या योजनाही या दोन्ही संस्था चालवतात.

दुलाभाईंनी हे सगळं ऐकून विचारलं, "और पक्की नौकरी?" खरं सांगायला हवं. खगोलशास्त्रज्ञ म्हणून कायमच्या जागा थोड्या आहेत. पीएच.डी.नंतर दोन-चार वर्षं देश-परदेशात कंत्राटी संशोधन करावं लागतं, वय तिशी ओलांडतं, लग्नाचा विषय घरात रोज निघतो. मुलींच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट, आणि ती फिजिक्सची नाही, आपली आहे. पण ही वाट मधेच सोडली तरी हात रिकामे राहत नाहीत. दुर्बिणीची माहिती चाळता चाळता शिकलेलं गणित आणि प्रोग्रामिंग बँकांना, सॉफ्टवेअर कंपन्यांना लागतं. एम.एस्सी. फिजिक्सनंतर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करता येतो. त्यानं मेडिकल फिजिसिस्ट होता येतं, कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा डोस किती, कुठे, हे मोजून देणारा माणूस. डॉक्टर नाही, पण त्याच्या सहीशिवाय मशीन चालत नाही. मेडिकलचाच हट्ट असेल तर दवाखान्यात जायची ही दुसरी वाट आहे, असं म्हटल्यावर आपा पहिल्यांदा हसली.

*

बातम्यांचं म्हणाल, तर गेलं वर्ष या विषयाचं भरभराटीचं गेलं. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं. अणूंच्या दुनियेतले अजब नियम हातात धरता येईल एवढ्या विजेच्या सर्किटमध्येही दिसतात, हे त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी दाखवलं होतं. आजच्या क्वांटम कॉम्प्युटरचा एक पाया तिथला. ऑगस्टमध्ये जगभरच्या शाळकरी मुलांची खगोलशास्त्र ऑलिंपियाड आपल्या मुंबईत भरली आणि भारताच्या पाच मुलांनी चार सुवर्ण, एक रौप्य मिळवलं. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या एनसीआरएच्या दोन संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक फार दूरची, फार जुनी सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' नाव दिलं. याच संस्थेच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नारायणगावजवळ खोडदच्या शिवारात उभ्या आहेत. नाशिक-पुणे रस्त्यावरून जाताना द्राक्षांच्या बागांमागे त्या दिसतात, आणि बहुतेक प्रवासी त्यांना मोबाइलचे टॉवर समजतात.

पण मला सगळ्यात जवळची बातमी वाटते ती औंढा नागनाथची. दुलाभाईंच्या जिल्ह्यातली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं, ती थरथर. ती मोजायला काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या लागतात, आतली हवा काढून टाकलेल्या. त्यांतून लेसरचा किरण जातो-येतो आणि प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असा फरक टिपतो. १४ जानेवारी २०२५ ला अशीच एक लहर आली, आजवरची सर्वांत स्पष्ट. त्या दोन कृष्णविवरांचं पृष्ठफळ आदळण्याआधी मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार चौरस किलोमीटर होतं आणि एक झाल्यावर सुमारे चार लाख. म्हणजे महाराष्ट्राहून लहान ते महाराष्ट्राहून मोठं. कृष्णविवरांचं हे क्षेत्रफळ कधी घटत नाही, असं स्टीफन हॉकिंग यांनी कागदावर मांडलं होतं, ते त्यातून चांगलंच पटलं.

असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. दशकअखेरीला ते सुरू व्हावं असा बेत आहे, सरकारी बेत कसे चालतात ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे, तरी. तिथे फक्त पीएच.डी.वाले लागणार नाहीत. नळ्यांचं वेल्डिंग, हवा ओढणारे पंप, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या सगळ्याला माणसं लागतील. पंप म्हटल्यावर दुलाभाई म्हणाले, "पंप तो हम भी जानते हैं." मग स्वतःच हसले.

आपल्या मराठवाड्याला हे अगदी नवीन आहे असंही नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये पदरचे पैसे घालून मोठी दुर्बीण आणली आणि वेधशाळा काढली. त्यांच्यानंतर सरकारनं ती चालवली, पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. साऱ्या आकाशाचा नकाशा करायच्या जागतिक कामात एक पट्टा या निजामिया वेधशाळेच्या वाट्याला आला होता आणि तिनं सात लाखांहून अधिक तारे मोजून छापले. तिथल्याच एका सहायकाचा मुलगा म्हणजे वेणू बप्पू, ज्यांच्या नावाची वेधशाळा आज तमिळनाडूत कवलूरला आहे. नवाबांनी त्या पैशात आणखी एक हवेली बांधली असती तर ती आज कोणाच्या लक्षात राहिली असती?

आणि मुलींच्या बाबतीत ज्यांचा जीव थोडा थोडा होतो, त्यांच्यासाठी निगार शाजी हे नाव. तमिळनाडूतल्या सेंगोट्टाई गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. १९८७ मध्ये इस्रोत लागल्या. सूर्याचा अभ्यास करायला २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेलं आणि ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलेलं आदित्य-एल१ हे यान त्यांच्या देखरेखीखाली तयार झालं, त्या प्रकल्प संचालक होत्या. भाचीच्या मोबाइलवर आता त्यांचा फोटो आहे.

*

२३ फेब्रुवारीच्या रात्री तरावीहहून परतलो तर नानी आणि नात गच्चीवर. चंद्र कृत्तिकांच्या शेजारी आला होता. अम्मीला त्या ताऱ्यांचं पुस्तकी नाव माहीत नाही. भाची सांगत होती : "नानी, वो छोटा गुच्छा दिखता क्या? अरबीत त्याला सुरैया म्हणतात." अम्मीला एवढंच पुरलं. गायिका सुरैयाची ती लहानपणापासूनची चाहती. मग रोहिणी दाखवली. अरबीत अद-दबरान, मागोमाग जाणारा, कारण तो तारा रात्रभर सुरैयाच्या मागे मागे जातो. इंग्रजीत त्याचंच अल्डेबरान झालं. मृगाच्या पायातला रायजेल म्हणजे अरबी रिज्ल, पाय. अभिजित म्हणजे वेगा, झेपावणाऱ्या गरुडाच्या अरबी नावातला एक तुकडा. भाची बोट फिरवत होती आणि अम्मी विचारत होती, "याचं मराठी काय? याचं आपलं काय?" एकेका ताऱ्याची दोन दोन नावं, दोन्ही घरातलीच.

दुलाभाई शनिवारी येऊन गेले. नीटचा फॉर्म त्यांनी भरलेला आहे, तो ते मागे घेणार नाहीत, आणि मीही तसं सांगितलं नाही. निघताना म्हणाले, त्या दुसऱ्या परीक्षेची शेवटची तारीख लिहून द्या. मी फ्रिजवरच्या रमजान कार्डाच्या खाली कोरी जागा दाखवली. फॉर्म निघाले की तारीख तिथेच लिहायची, म्हणजे रोज संध्याकाळी सगळ्यांच्या नजरेला पडेल. काल इफ्तारनंतर मी भाचीला पासपोर्ट साइझ फोटो काढायला घेऊन गेलो. फोटोवाल्यानं विचारलं, किती कॉपी? ती म्हणाली, सोळा.